सहा माणसं, एक गाडी आणि ऐंशी हजार

पत्र : आम्ही सोलापूरचे. घरात सासू-सासरे (सासरे बहात्तरचे, बीपीची गोळी चालू), आम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. गेल्या वर्षी सात आसनी सीएनजी गाडी घेतली, तेव्हापासून मुलांचा धोशा आहे की सुट्टीत गाडीने कोकण करायचं. यजमानांनी बेत आखलाय : २२ मेला निघायचं, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण आणि शेवटी गोवा. नऊ रात्री, नऊ मुक्काम. मी ऐंशी हजार बाजूला काढलेत. माझा हिशोब असा : पेट्रोल ८ हजार, राहणं २७ हजार, जेवणखाण २० हजार, इतर ५ हजार. म्हणजे साठात बसतं, वीस हातात उरतात. तरीही मनात धाकधूक आहे. सासूबाईंना गणपतीपुळे आणि पावस हवंय, लेकीला स्कुबा, मुलाला गाडी बोटीत चढलेली बघायचीय. मला काय हवंय ते कोणी विचारलेलं नाही. शिवाय सासरे प्रत्येक ठिकाणी खिशात हात घालतात, तेही यांना आवडत नाही. काय करू?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर :

ताई, धाकधूक वाटतेय ते बरंच आहे. तुमची बेरीज चुकलेली नाही, पण ती ज्या बेतावर उभी आहे तो कागदावर जमतो, गाडीत जमत नाही. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. मे महिन्यात आमच्या पडवीत दमून बसलेले, "अजून किती राहिलं हो मालवण?" असं विचारणारे पाहुणे मी लहानपणापासून बघत आलेय.

आधी तारीख. २२ मे उशिराची आहे. कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो असं आपण धरून चालतो, पण २०२५ साली तो २६ मेला मुंबईत दाखल झाला होता. पाऊस वेळेवर आला तरी मालवणकडचे जलक्रीडा आणि किल्ल्याच्या होड्यांचे परवाने २५-२६ मेच्या सुमारास संपतात आणि थेट ३१ ऑगस्टपर्यंत सगळं बंद राहतं. तुमच्या बेतात मालवण आठव्या मुक्कामाला आहे, म्हणजे २९ तारखेला. लेक किनाऱ्यावर उभी राहून ताडपत्रीखाली झाकलेल्या होड्या बघणार. तेव्हा मेच्या पहिल्या पंधरवड्यातच निघा. आंबाही तेव्हाच भरात असतो आणि भाव एप्रिलपेक्षा उतरलेला असतो.

आता बेत. नकाशावर अलिबाग ते गोवा ही एक सरळ रेघ दिसते. ती रेघ जागोजागी खाड्यांनी तोडलेली आहे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या समुद्राला मिळताना इतक्या रुंद होतात की समोरचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं आणि रस्त्याने जायला अर्धा दिवस लागतो. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडचं धोपावे दिसतं. बोटीने दहा-पंधरा मिनिटं. बोट नसेल तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरच्या वरचा वळसा. तुमच्या वाटेवर अशा चार फेऱ्या येतात : आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड. यातली एक मजेची असते. दुसरीपर्यंत मुलं खूश असतात. मे महिन्यातल्या शनिवारी तिसऱ्या रांगेत गाडी बंद करून उभं राहायचं म्हणजे काय, ते सासऱ्यांना विचारावं लागणार नाही, चेहऱ्यावरच दिसेल. आणि मधला रस्ता? एका बाजूला डोंगर, दुसरीकडे माड, समोरून एसटी. तासाला तीस किलोमीटर पडले तरी पुष्कळ.

पण माझा खरा आक्षेप किलोमीटरवर नाहीच, मुक्कामांवर आहे. नऊ रात्री नऊ ठिकाणी म्हणजे नऊ वेळा बॅगा भरायच्या. कोकणात घरगुती खोली साधारण दहाला सोडावी लागते आणि पुढच्या गावची एकच्या आधी मिळत नाही. हे मधले तीन तास कुठे जातात? भर उन्हात, गाडीत. एसी चालू ठेवून गाडी झाडाखाली उभी, मुलांना थंड काहीतरी, मोठ्यांना चहा, मग सगळ्यांना भूक लागली म्हणून समोर दिसेल ते हॉटेल. मी एका वर्षी हे तीन तास वहीत लिहून ठेवले होते. पाच माणसांचे, जेवण धरून, दर वेळी हजार-बाराशे गेलेले निघाले. एका रात्रीसाठी येणाऱ्याला भावही कोणी कमी करत नाही. तीन रात्री राहतो म्हटलं की घरमालक स्वतःच पाचशे रुपये खाली येतो, गादी फुकट देतो आणि दुसऱ्या दिवशी "आज घावणे करू का?" असं विचारतो.

म्हणून माझं ऐकणार असाल तर उत्तरेकडचं अर्धं कोकण या वर्षी सोडून द्या. अलिबाग-श्रीवर्धन पुण्या-मुंबईच्या माणसांना जवळचं. सोलापूरहून तिथे जाणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. तुमचा रस्ता मिरज-कोल्हापूर, तिथून मलकापूर, आंबा घाट, साखरपा आणि खाली. सोलापूर ते गणपतीपुळे पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतं. आणि यजमानांना सांगा, गोवाही या खेपेला नाही. मालवणहून गोव्यात नुसतं शिवून यायचं तर एक दिवस आणि पाच हजार जातात, हाती येतो पणजीच्या पुलावरचा ट्रॅफिक. (गोव्यात पेट्रोल स्वस्त, टाकी भरून येऊ, असंही ते म्हणतील. लिटरमागे आठ-नऊ रुपये वाचतात, हे खरं. तीस लिटरला अडीचशे. त्यासाठी हद्दीपर्यंत जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, म्हणजे सातशे रुपयांचं पेट्रोल.)

मंगळवारी निघा. मंगळ-बुध-गुरू गणपतीपुळ्याच्या बाजूला, शुक्र-शनि कुणकेश्वरला, रवि-सोम-मंगळ मालवणात, बुधवारी आंबोलीत मुक्काम, गुरुवारी घरी. असं मांडलं की शनिवारची झुंबड ज्या दोन ठिकाणी सगळ्यात वाईट असते तिथे तुम्ही तेव्हा नसता. फक्त पहिल्या मंगळवारी अंगारकी नाही ना, एवढं दिनदर्शिकेत बघून घ्या. असली तर आठवडा पुढेमागे करा, कारण अंगारकीला पुळ्यात माणसांवर माणसं असतात.

पहाटे साडेचारला गाडी हलली पाहिजे. मंगळवेढा-सांगोल्याचा पट्टा ऊन चढायच्या आत मागे टाका. नऊ-साडेनऊला कोल्हापूर, साडेअकराला घाट, आणि निवळी फाट्यावरून आत वळून अडीचपर्यंत मुक्कामी. पहिल्या दिवशीचं खाणं घरचं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे, दही. हे सोलापूरकरांना मी सांगायला नको, पण एरवी गाडी घेतली की लोक डबा विसरतात. उरलेली कडक भाकरी तिसऱ्या दिवशी मुलांना चार वाजता भूक लागेल तेव्हा उपयोगी पडते. ती दमट हवेत मऊ पडते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

खोली थेट पुळ्यात देवळाजवळ घेऊ नका. मालगुंड किंवा आरे-वारेच्या रस्त्यावर घ्या. तेच घर तिथे हजार रुपयांनी स्वस्त आणि रात्री शांत. सकाळी साडेपाचला सासूबाईंना देवळात न्या. डोंगराची प्रदक्षिणा त्यांना झेपेल का ते आधी त्यांनाच विचारा, ती साधारण एक किलोमीटरची आहे. सात वाजल्यानंतर नको. एक गोष्ट मात्र ठाम सांगते : पुळ्याच्या समुद्रात मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात सोडायचं नाही. तिथला किनारा एकदम खोल होतो आणि लाट पाय ओढते. दरवर्षी कोणी ना कोणी जातं. पोहायची हौस मालवणच्या बाजूला भागवा, तीही तिथल्या माणसांना विचारून.

दुसऱ्या दिवशी धाकट्याची बोट. मालगुंडहून जयगड वीसेक किलोमीटर. गाडी आणि सहा माणसं मिळून एका बाजूला तीनशे-साडेतीनशे धरा, पैसे रोख ठेवा. पलीकडे तवसाळला उतरून हेदवीच्या दशभुज गणपतीला जा, तिथेच कोणाच्या तरी घरी जेवा आणि दुपारच्या बोटीने परत. म्हणजे मुलाला गाडी बोटीत चढलेली दोनदा बघायला मिळते आणि बॅगा खोलीतच राहतात. तिसऱ्या दिवशी आरे-वारे रस्त्याने रत्नागिरी. उन्हाच्या वेळी थिबा राजवाड्यात जा. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं आणि तो इथेच गेला, ही गोष्ट बारा वर्षांच्या मुलीला गाडीतच सांगून ठेवा, मग ती तिथे कंटाळत नाही. पावस चौथ्या दिवशी, शुक्रवारी, कुणकेश्वरला जाताना वाटेवरच लागतं.

कुणकेश्वरचे दोन दिवस मी मुद्दाम काहीही न करण्यासाठी ठेवलेत. देऊळ समुद्रावर आहे, किनारा मोठा आहे, दुकानं थोडी. तुम्हाला काय हवंय ते कोणी विचारलेलं नाही असं तुम्ही लिहिलंत ना, तर हे दोन दिवस तुमचे. मुलांना बाबांबरोबर वाळूत पाठवा आणि पडवीत पाय पसरून बसा.

मालवणात सिंधुदुर्ग किल्ला आणि स्कुबा. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला उन्हात बघू नका, सकाळची पहिली होडी धरा. वर सावली कमी आहे आणि तटावरून फिरायचं तर तासाभराच्या वर वेळ जातो. स्कुबाचं लेकीला जमेल, सोबत शिकवणारा माणूस पाण्यात उतरतो, पोहता यायलाच हवं असं नाही. सर्दी असेल, कान दुखत असेल तर मात्र नाही. सात वर्षांच्या मुलाला पाण्याखाली नेतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा. त्याला होडीतूनच मासे दाखवा.

आता पैसे. तुमच्या पेट्रोलच्या आकड्यापासून सुरू करते, कारण चूक तिथेच आहे आणि ती सगळेच करतात. जाणं-येणं आणि मधलं फिरणं धरून नकाशावर हे साडेतेराशे किलोमीटर होतात. त्यात पंधरा टक्के मिळवा. चुकलेली वळणं, औषधाच्या दुकानापर्यंतची फेरी, "त्या तिकडे अजून एक किनारा आहे म्हणे". झाले साडेपंधराशे. तुम्ही मायलेज कंपनीने सांगितलेलं, वीसचं धरलंय. सहा माणसं, सामान, चालू एसी आणि घाट मिळून पेट्रोलवर ते पंधरावर येतं. १०३ लिटर. एकशेपाचच्या भावाने ११ हजार. सीएनजी हिशोबात धरूच नका. हमरस्त्यावर पंप आहेत, पण मे महिन्यात रांगा तासाच्या. किनाऱ्याच्या रस्त्याला तर भरवसाच नाही. कोल्हापुरात सकाळी रांग लहान दिसली तर भरा, वाचले ते वाचले. सिलिंडरची तीन वर्षांची चाचणी तुमच्या नव्या गाडीला अजून लागायची आहे, तो प्रश्न नाही.

राहणं. सहा जणांना दोन खोल्या किंवा एक मोठी फॅमिली रूम आणि दोन जादा गाद्या. पुळ्याच्या बाजूला, कुणकेश्वरला आणि आंबोलीत रात्रीला साडेतीन हजार, मालवणात चार. नऊ रात्रींचे ३३ हजार. तुमचे सत्तावीस एका खोलीच्या भावाने धरलेले दिसतात. सहा माणसं एका खोलीत नऊ रात्री काढू नका. तिसऱ्या रात्री सासरे पडवीत झोपायला जातील आणि तुम्हाला अपराधी वाटेल.

जेवण. शाकाहारी थाळी दोनशेच्या आसपास, माशांची चारशेच्या. सुरमई-पापलेट घेतलंत तर सहाशेही. मुलांना अर्धी थाळी बहुतेक ठिकाणी देतात, मात्र बसायच्या आधी विचारावं. न्याहारी, दोन जेवणं, चहा, नारळपाणी मिळून पूर्ण दिवसाला ३ हजार. असे आठ दिवस, आणि पहिल्या-शेवटच्या दिवसाचे दीड-दीड हजार. २७ हजार. कमी करायचं असेल तर दुपारी पोटभर आणि रात्री मऊभात, पिठीभात, आमटी असं हलकं सांगा. घरगुती ठिकाणी ते करतात, शंभर-सव्वाशेत होतं आणि सासऱ्यांनाही मानवतं. एक लक्षात ठेवा : कोकणात घरगुती जेवण आधी सांगावं लागतं. दुपारचं सकाळी नऊला, रात्रीचं चारला. दीड वाजता भुकेजून दारात उभं राहिलात तर "आता काय नाय ओ" एवढंच ऐकायला मिळेल.

टोल, बोटी, पार्किंग २ हजार. तेवढ्यासाठी फास्टॅगचा वार्षिक पास काढू नका. तुमचं एरवी पुण्याला येणंजाणं वरचेवर असेल तरच तो परवडतो. किल्ला, स्कुबा, तिकिटं ६ हजार.

३३ + ११ + २७ + २ + ६. एकूण ७९ हजार. तुमचे ऐंशी इथे संपले. अजून आंबे, कोकम, काजू यांचे ६ हजार आणि हाताशी ठेवायचे ८ हजार राहिलेच. हे आठ हजार चैनीचे नाहीत. टायर फुटलं, कोणाला सलाइन लावावं लागलं, गाडी ढकलत गॅरेजला न्यावी लागली, तर त्यासाठी. झाले ९३.

तेरा हजार कुठून कमी करायचे? मला विचाराल तर मालवणची एक रात्र. राहणं चार आणि जेवण तीन, असे सात सुटतात. सोमवारीच मालवण आटोपा, मंगळवारी आंबोली, बुधवारी घरी. यजमानांची एक रजा वाचते आणि घरी आल्यावर कपडे धुवायला तुम्हाला एक दिवस मिळतो. आंबोली मात्र काढू नका. थेट सोलापूर गाठायचं तर सव्वाचारशे किलोमीटर पडतात आणि शेवटचे शंभर पेंगत जातात. शिवाय आठ दिवस घामात काढल्यावर एक रात्र पंख्याशिवाय झोप लागते. सोलापूरचा उन्हाळा भाजतो, कोकणातला शिजवतो. बेचाळीसची सवय आहे म्हणून चौतिसाला हसू नका.

राहिले सहा. ते सासऱ्यांचे. ज्या माणसाने आयुष्यभर घरचा खर्च केला, त्याला बहात्तराव्या वर्षी "तुम्ही बसा हो" म्हटलं की तो खिशात हात घालणारच. यजमान प्रत्येक गल्ल्यावर त्यांचा हात धरणार, दोघांचंही तोंड कडू होणार. निघायच्या आधीच यजमानांनी त्यांना सांगावं : "अण्णा, आंबे तुमच्याकडे." (अण्णा म्हणता की बाबा, ते तुम्हाला ठाऊक.) पेटी निवडायची त्यांनी, भाव करायचा त्यांनी, लेकीबाळींना किती वाटायचे तेही त्यांनीच ठरवायचं. आमच्याकडे हे दोन मोसम चाललं. वडील खाणावळीच्या बिलाकडे बघेनासे झाले, कारण त्यांचं सगळं लक्ष बागायतदाराशी घासाघीस करण्याकडे.

९३ मधून सात आणि सहा गेले. ऐंशी, आठ हजारांच्या राखीव रकमेसकट.

पैसे घरातच वेगळे करा. राहण्याचे आणि पेट्रोलचे खात्यात. जेवणाचे रोख, पाकिटात, दिवसाला एक पाकीट, वर वार लिहिलेला. किनाऱ्याला मोबाइलची रेंज जाते-येते, आणि वीज गेली की यूपीआयही लंगडं पडतं. पाकिटात उरले ते लेकीकडे. रात्री वहीत खर्च लिहायचं काम तिला द्या. माझ्या भाचीने चौथ्या दिवशी स्वतःहून आइस्क्रीम नाकारलं होतं, कारण स्कुबाचे फोटो वेगळे विकत घ्यायचे होते.

खोलीच्या आगाऊ पैशांबद्दल जपून. मी स्वतः एकदा फसलेय. फोटो बघून तीन हजार पाठवले, जाऊन बघते तर खोली लग्नाच्या वऱ्हाडाला दिलेली. मालक म्हणाला, "ताई, तुमचा फोन लागला नाही." रात्री नऊला दोन मुलांना घेऊन पुढचं गाव गाठलं. तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर खोली बघते, एकतृतीयांशपेक्षा जास्त आगाऊ देत नाही, तारखा आणि ठरलेली रक्कम मेसेजमध्ये लिहून घेते आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन करते. फोनवर दोन गोष्टी आवर्जून विचारा : इन्व्हर्टर आहे का, आणि विहिरीला पाणी आहे का. वळवाचा पाऊस पडला की लाइट जाते, आणि मेअखेरीला कित्येक वाड्यांवर टँकर येतो. "पाणी आहे हो" म्हणाले तर विचारा, "सकाळी सहा अंघोळींना पुरेल ना?" मग खरं उत्तर येतं.

गाडीचं थोडक्यात. नवी आहे, तरी सर्व्हिसिंग निघायच्या दोन आठवडे आधी करा, आदल्या दिवशी नको. काही ढिलं राहिलं असेल तर ते गावातल्या गावात कळू दे. स्टेपनीतली हवा बघा, ती कोणीच बघत नाही. आणि घाट उतरताना दुसरा गिअर; ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही, न्यूट्रल तर नाहीच नाही.

सामानाचं मात्र नीट ठरवा, कारण तुमच्या गाडीत डिकी सिलिंडरने खाल्लीय. पुढे दोन, मध्ये तिघं, मागच्या ओळीत एक मूल आणि उरलेल्या अर्ध्या सीटवर सामान. तेवढंच. कडक सूटकेस एकही नको, पाच मऊ बॅगा घ्या, दाबून बसतात. माणशी चार कपडे पुरे. तीन रात्रींच्या मुक्कामात धुऊन खळ्यात (म्हणजे अंगणात) वाळत घातले की संध्याकाळपर्यंत खडखडीत. औषधं आणि सासऱ्यांच्या गोळ्या मधल्या सीटपाशी, मागे तापणाऱ्या सामानात नकोत. दोन सोलापुरी चादरी घ्या. एक दुपारी खिडकीला लावायला.

दुसरी आंब्याला. पेटी रविवारी सकाळी कुणकेश्वर सोडताना घ्या, देवगड तालुक्यातच आहात, हमरस्त्यावरच्या टोपल्यांकडे बघूही नका. तिथे देवगडच्या नावाखाली कुठला आंबा असेल सांगता येत नाही. बागेत जाऊन सांगायचं, "चार दिवसांनी तयार होईल असा द्या." कडक, हिरवट, पेंढ्यात रचलेला. अण्णांना एक फळ कापून दाखवायला लावू दे, आत साका (गराचा पांढरट, निबर भाग) निघतो का ते कळतं. खाण्याचे डबे तोवर रिकामे झालेले असतील, त्या जागेत पेटी बसते. वरून चादर, ऊन लागता कामा नये, आणि गाडी उन्हात बंद करून ठेवायची वेळ आली तर पेटी खाली उतरवायची, मग कोणी हसलं तरी चालेल. आंबोलीच्या रात्री झाकण उघडून ठेवा. बुधवारी घरी पोचलात की बॅगांच्या आधी आंबे काढा आणि आतल्या खोलीत गोणपाटावर एकेक सुटा मांडा, देठ वर करून.